बाहेरून अडसर लागणारं घर

त्या घराच्या ओसरीवर काळ्या दगडाची पाटी आहे. आजही आहे. पौडच्या अलीकडे रस्त्याला लागूनच ते घर उभं आहे, दुमजली, घडीव दगडाचं, सागवानी खांबांचं. पुण्याहून सहलीला आलेली माणसं गाडी थांबवतात, पाटी वाचतात, 'व्वा' म्हणतात आणि फोटो काढून निघून जातात. पाटीवर कोरलंय की हे ऐतिहासिक घर सध्याच्या मालकांच्या पेशवाईतल्या कुणा शूर पूर्वजानं बांधलं. खोटं आहे. साफ खोटं. मी हे तेव्हाही सांगत होते, आताही सांगते, आणि हो, चिडूनच सांगते. चिडू नको तर काय आरती ओवाळू?

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी तिथल्याच शाळेत बाई होते. एक दिवस हेडमास्तरांनी बोलावलं आणि म्हणाले, "बाई, तुमची भाषा चांगली आहे. मोठ्या घराची एक पानभर माहिती लिहून द्या. मूळ कुणी बांधलं, कसं बांधलं. पुण्याची समिती पाटी बसवतेय, सभापती येणार आहेत."

"म्हणजे शोध घेऊन लिहू?"

"घ्या की शोध. फक्त मालकांना विचारून घ्या."

आता याला शोध म्हणायचं! पण मी 'बरं' म्हणाले, कारण मला तेच हवं होतं. शाळेत मी सासरच्या आडनावानं होते, त्यामुळे माझं माहेर जवळच्या रिहे गावचं, हे हेडमास्तरांना ठाऊक असलं तरी त्यापुढचं काही ठाऊक नव्हतं. मोठ्या घराचा विषय निघाला की आमच्या माहेरी माझी आत्या भाकरी थापता थापता परातीवर असा हात आपटायची की पीठ उडायचं. "त्यांचं कुटलं? आमचं घर हाय ते! माज्या बानं बांधल्यालं!"

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा वारल्यापासून रिह्यातच राहायची, माझ्या भावाकडे. चार शेळ्या आणि तोंड, एवढी तिची इस्टेट. तिचा जन्म रिह्यातला नाही, धरणाखाली गेलेल्या गावातला. पाणी आलं तेव्हा ती परकर नेसणारी पोर होती. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या आज्यानं, त्या गावात हौसेनं घर बांधलं होतं. दगड नदीतला, सागवान स्वतःच्या बांधावरचं, आणि दारावर कोरलेला गणपती, त्याचं तोंड उगवतीला. त्या घरात दोनतीन पावसाळे काढले असतील-नसतील, तोच धरणाचं ठरलं. घर मोडा आणि न्या, असं सांगण्यात आलं. न्या! कुठं न्या? डोक्यावर घेऊन फिरायचं?

तेव्हा आत्ताच्या मालकांचे वडील देवासारखे धावून आले. त्यांच्याकडे गाड्या होत्या, मोठं खळं होतं. ते आज्याला म्हणाले, "माझ्या खळ्यात ठेव सगळं. जागा मिळाली की घेऊन जा." आज्यानं खांब, तुळया, चौकट, दाराचे घडीव दगडसुद्धा निगुतीनं उतरवून त्यांच्या गाड्यांत भरून दिले. कागद नाही, साक्षीदार नाही. शब्दावर दिलं. मग रिह्यात कुणीतरी तुकडा दिला, तिथं कुडाचं छप्पर घातलं, आणि हात मोकळे झाल्यावर आजा आपलं लाकूड आणायला गेला. लाकूड कुठलं? खळ्याच्या जागी दुमजली घर उभं! ओसरीवर बसलेल्या त्याच गृहस्थांनी विचारलं, "कोण तू?" माझा आजा त्यानंतर फार जगला नाही. कुडाच्या घरातच गेला.

म्हणून आत्यानं मला बजावलं, "पोरी, तू लिवनार हायेस न्हवं? मग ऐक. घर नको मला. ह्या वयात मला काय करायचाय दुमजली? पर दगडावर नाव पडायचं आसंल तर माज्या बाचं पडंल. मी मराच्या आदी." एवढंच तिचं मागणं. जमीन नाही, भरपाई नाही, माफीसुद्धा नाही. नाव.

मी वही घेऊन मोठ्या घरी गेले. मालक पन्नाशी उलटलेले, पांढरंशुभ्र धोतर, मनगटावर सोनेरी घड्याळ. आगतस्वागत झालं, चहा आला, आणि भिंतीवरची एक तलवार दाखवून झाली. तलवार कुठून आली, हे मी विचारलं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात अशा ढिगानं मिळत असत. मग घर दाखवायला घेतलं. मागच्या खोल्या सोसायटीच्या खताला भाड्यानं दिलेल्या, परसदार गोण्यांनी बुजलेलं. म्हणजे आत जायचं आणि बाहेर यायचं ते ओसरीवरच्या त्या एका दारानं.

ते दार पाहून मी थबकलेच. माझ्या उभ्या जन्मात मी असं दार पाहिलं नव्हतं. आपल्याकडे घराचं पुढचं दार आत उघडतं. हे बाहेर, ओसरीवर उघडत होतं. दाराच्या दोन्ही अंगांना दगडात चौकोनी भोकं होती, एक उथळ आणि समोरचं खोल. खोल भोकात मी हात घातला तर काखेपर्यंत आत गेला. अडसराची भोकं! लाकडाचा जाड अडसर भिंतीत सरकवून ठेवायचा आणि रात्री ओढून दार बंद करायचं, त्याची. पण ती भोकं दाराच्या आत नव्हती, ओसरीच्या बाजूला होती. आणि गणपती? तो आतल्या बाजूला, माजघराकडे तोंड करून बसलेला, पाहुण्यांकडे पाठ.

"हे असं का हो?" मी विचारलं.

"भोकं मशालींसाठी आहेत," मालक म्हणाले.

"हातभर खोल?"

"मोठ्या मशाली." मग मिश्या कुरवाळत हसले. "आणि खरं सांगू का बाई, आमच्या पूर्वजांचा जनाना मोठा. बाहेरून अडसर घातला की काळजी नाही." असं म्हणून स्वतःच खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी वही घट्ट धरली आणि विचारलं, "गणपती आत का बघतो मग?"

तिथं ते घसरले. अगदी सहज, अभिमानानं घसरले. म्हणाले, "गणपतीचं तोंड उगवतीला पाहिजे ना! रस्ता पडला मावळतीला, म्हणून ओसरी इकडे घ्यावी लागली. पण आमच्या वडिलांना भटजींनी निक्षून सांगितलं होतं, चौकट होती तश्शीच पूर्वेला तोंड करून बसवा, तिची दिशा मोडू नका."

"होती तशी? कुठं होती?"

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आणि घर पेशवाईतलं ना? मग चौकट बसवायला तुमचे वडील कसे होते?"

"दुरुस्तीच्या वेळचं बोलतोय मी," ते म्हणाले, आणि आवाज एकदम बदलला. "तुमच्या मनात काय आहे बाई?"

मी सांगून टाकलं. हे घर माझ्या आजोबांचं आहे, धरणाखालच्या गावातून मोडून आणलेलं, असं आमच्या घरात सांगतात. मालकांनी कानांवर हात ठेवले. "कोण आजोबा? असा कुणी माणूसच आमच्या ऐकण्यात नाही. त्याचं नाव-गाव मला ठाऊक नाही आणि ऐकायचंही नाही." मी नाव सांगितलं नाही. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे माझ्या आज्याचं नाव कशाला खर्चू?

गावात सत्तरी ओलांडलेली माणसं होती. मालकांच्या खळ्यात लाकूड उतरताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असणार. मी एकेकाच्या दारात गेले. एकजण म्हणाले, मला ऐकू येत नाही. दुसरे म्हणाले, "जाऊ द्या बाई, जुनं झालं ते." जुनं झालं! आणि पेशवाई काय काल झाली? तिची पाटी बसवताना कुणाला जुनं वाटत नव्हतं. ह्यातली निम्मी माणसं मालकांची जमीन कसत होती हे मला माहीत होतं, पण म्हणून माझा संताप कमी होत नव्हता.

मे महिन्यात धरणाचं पाणी खूप मागे गेलं. तसं दरवर्षीच जातं, पण त्या वर्षी बुडालेल्या गावाची जोती उघडी पडली असं कळलं. मी विहिरीचा दोर घेतला आणि आत्याला घेऊन गेले. भेगाळलेल्या गाळातून चालताना ती सगळी वाट बडबडत होती, मारुतीचं देऊळ इथं, तालीम तिथं. निम्मं चुकत होती. मारुती म्हणून तिनं दाखवलं ते कुणाचं तरी न्हाणीघर निघालं. पण आमचं जोतं तिनं लांबूनच बरोबर ओळखलं. दगडी उंबरा जागेवरच होता. आज्यानं सगळं उतरवलं, उंबरा मात्र हलवला नव्हता. आत्यानं चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. मी तिला बसू दिलं.

मग मी जोतं मोजलं. लांबी, रुंदी, दाराची मोकळी जागा, सगळ्यांच्या मापाच्या दोराला गाठी मारल्या. उंबरा थेट उगवतीला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या घराच्या भिंतीला तोच दोर लावला, आणि गाठीला गाठ जुळली. मालकांचा गडी हाकलायला येईपर्यंत माझं मोजून झालं होतं. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यानं जवळजवळ पळतच निघाले. कोड्यातलं काहीच शिल्लक राहिलं नव्हतं. उगवतीला तोंड असलेलं घर उचलून मावळतीला तोंड केलं, पण चौकटीचं तोंड फिरवायची भीती वाटली. दुसऱ्याचं घर गिळताना भीती वाटली नाही, चौकट फिरवताना मात्र वाटली! म्हणून ते दार उलटं बसलं आणि अडसर बाहेर राहिला.

समितीतले इतिहासाचे प्राध्यापक पाहणीला आले तेव्हा मी दोर घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. ते मालकांकडे जेवून तृप्त होऊन ओसरीवर पान लावत बसले होते. माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, हे खरं. मग चुना बोटावर घेत म्हणाले, "बाई, दोर हा काही पुरावा नव्हे. अशा मापाची घरं पुष्कळ असतात."

"आणि माझ्या आत्याची आठवण?"

त्यांनी आत्याला आधीच काही प्रश्न विचारले होते. घराला खिडक्या किती होत्या म्हणून विचारलं, तर तिनं पुढच्या बाजूला सात सांगितल्या. आहेत पाच. "पाहिलंत?" ते हसून म्हणाले. "म्हातारीला खिडक्याही आठवत नाहीत."

"ती तेव्हा लहान पोर होती, सर! तिला सगळंच मोठं दिसलं असेल. आणि मालक दोनशे वर्षांपूर्वीचं सांगतात, त्यांना कोणत्या खिडक्या आठवतात?"

"त्यांच्याकडे परंपरा आहे."

परंपरा! आमच्याकडे असली की ती म्हातारीची बडबड, आणि मालकांकडे असली की परंपरा. मी एका पानावर लिहून दिलं, 'हे घर मूळ दुसऱ्या गावी बांधलेले असून ते येथे मोडून आणलेले आहे.' हेडमास्तरांनी ते पान घडी करून खिशात टाकलं आणि कुणाकडून तरी दुसरं लिहून घेतलं. वर मला म्हणाले, "बाई, तुमची बदली लांब झाली तर मला दोष देऊ नका."

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी मी रिह्याला गेले आणि आत्याला सांगितलं की नाव पडणार नाही. मला वाटलं, आरडाओरडा करील. ती उठली, गोठ्यात गेली आणि शेळ्यांना अडवायला आडवं लावलेलं लाकूड काढून आणलं. मनगटापेक्षा जाड, माणसापेक्षा लांब, एका टोकाला हात लागून लागून काळंभोर झालेलं. ते मी लहानपणापासून बघत होते, पण ते काय आहे हे कधी विचारलं नव्हतं.

"आडसर हाय आमचा," आत्या म्हणाली. "गाड्या भरल्या तवा माज्या आयनं एवडाच दिला न्हाई. म्हनली, दार घ्या, खांब घ्या, आडसर माज्यापाशी ऱ्हाईल. परत घर हुबं ऱ्हायलं की मीच लावीन." मग लुगड्यानं तो पुसत म्हणाली, "सकाळची यष्टी किती वाजता हाय?"

एसटीत कंडक्टर तो अडसर आत घेईना. लांबलचक लाकूड, लोकांच्या पायात येतंय, टपावर टाका, लगेज फाडा. आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माज्या घराची चावी हाय ती. चावीचं तिकीट फाडतोस व्हय रं?" सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि त्यानं जाऊ दिलं.

मोठ्या घरापुढे मांडव होता, ताशा होता, ओसरीवर पाटीला पडदा होता. मी पोरांना घेऊन स्वागतगीतासाठी उभी होते. पडदा उघडण्याआधी मालक सगळ्या मान्यवरांना नाश्त्याला आणि तलवार बघायला आत घेऊन गेले. सभापती गेले, प्राध्यापक गेले, हेडमास्तर गेले. ओसरी रिकामी झाली. तेव्हा आत्या गर्दीतून अडसर खांद्यावर घेऊन पायऱ्या चढली. तिनं दाराच्या दोन्ही फळ्या लोटल्या. अडसराचं काळं टोक खोल भोकात घातलं आणि पार आत ढकललं, मग दुसरं टोक दारासमोर आणून ओढत ओढत उथळ भोकात बसवलं. इतकी वर्षं तो शेळ्यांच्या मुतात पडून होता, तरी कुठं अडला नाही, कुठं सैल राहिला नाही. बसला तेव्हा आवाज आला आणि ताशेवाला वाजवायचा थांबला.

थोड्या वेळानं आतून दाराला धक्का बसला. मग दोन धक्के. मग हेडमास्तरांचा आवाज आला, "बाई! अहो बाई, दार उघडा!"

"सर, अडसर बसलाय," मी खिडकीशी जाऊन म्हणाले. "मापात बसलाय. प्राध्यापक सरांना सांगा, हा दोर नाही." खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर आनंदानं काटा आला होता. बदली काय, नोकरी गेली असती तरी मी तो अडसर काढला नसता.

मालक खिडकीच्या गजांशी आले. तोंड लालबुंद झालेलं. "कोण आहे ती म्हातारी? काढा तिला!" पण कुणी हललं नाही. ज्यांना ऐकू येत नव्हतं, ज्यांच्या लेखी सगळं जुनं झालं होतं, तेही मांडवात उभं राहून बघत होते.

आत्या दारापुढे मांडी घालून बसली. "मी हाय. हे घर ज्यानं बांधलं त्येची लेक. नाव घे माज्या बाचं, मंग काडते."

"मला नाही ठाऊक कुणाचं नाव!"

"मंग बसा आत. बाहीरनं बंद व्हनारं घर तुज्याच बानं क्येलंय."

आत कुजबुज सुरू झाली. सभापतींना पुढचा कार्यक्रम होता. कुणीतरी परसदाराकडे जाऊन आलं, गोण्या हलणाऱ्या नव्हत्या. प्राध्यापक मालकांना हळू आवाजात काहीतरी म्हणाले, बहुतेक, एक नाव घेऊन टाका आणि मिटवा. खरं तर मी नाव सांगायला पुढे होणार होते, कारण त्यांना ठाऊक नसेल तर ते घेणार तरी कसं? मी तोंड उघडलं, एवढ्यात मालक बोलले.

त्यांनी माझ्या आज्याचं नाव घेतलं. आज्याचं, त्याच्या बापाचं, आडनावासकट, आणि पाठोपाठ धरणाखाली गेलेल्या गावाचंही. न अडखळता, सगळं एका दमात, लहानपणापासून पाठ असल्यासारखं.

मांडवातली सगळी माणसं ऐकत होती. प्राध्यापक मालकांच्या तोंडाकडे बघत राहिले. आत्या उठली, तिनं दोन्ही हातांनी अडसर ओढून काढला आणि खांद्यावर घेतला. दार उघडून मालक बाहेर आले, तर ती त्यांच्यासमोर उभी. रडत नव्हती की ओरडत नव्हती.

"म्हंजे तुज्या बानं तुला सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

मालकांना तिच्याकडे बघवेना. पडदा तरीही उघडला गेला, पाटीही तीच राहिली, टाळ्या मात्र कुणी वाजवल्या नाहीत. आत्या पडदा बघायला थांबलीच नाही. माझी बदली पुढच्याच महिन्यात झाली. जाताना मी तिला विचारलं, पाटीवर नाव नाही पडलं, मग आता काय? तर ती गोठ्याला अडसर लावत म्हणाली, "दगडावर न्हाई पडलं. पर त्येच्या तोंडावर पडलं का न्हाई?"